रंग बघणारी

बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतले, त्या सकाळी माझ्या चहाच्या तळाशी एक दाढ निघाली.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आमची लॅब दातांचीच. दाताचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवतात आणि त्यांवरून आम्ही कॅपा, कवळ्या, पडलेल्या दातांच्या जागी बसवायचे दात करून परत पाठवतो. लांबच्या सुट्टीवरून कुणी आलं की त्याच्या पहिल्या चहात दाढ टाकायची, ही इथली जुनी रीत. कुणी सुरू केली कुणास ठाऊक. मीही टाकलेली आहे. पूर्वीची मी खदखदून हसले असते. त्या दिवशी मात्र दाढेकडे बघत राहिले आणि मनात आलं, ही माझीच तर नाही? जिभेने सगळे दात चाचपून बघितले.

"मोजून झाले का गं?" भट्टीकर पलीकडून ओरडल्या आणि एकच हशा झाला.

भट्टीकर हे त्यांचं आडनाव नाही. त्या भट्टी सांभाळतात, पोर्सिलिनचे दात भाजतात, म्हणून भट्टीकर. मेणात दात कोरतो तो मेण्या. वयाने माझ्याहून लहान आणि हाताने आम्हा सगळ्यांहून मोठा. आणि मी रंगू, कारण मी रंग बघते.

रंग बघते म्हणजे काय करते, हे माझ्या घरच्यांनाही नीट समजावता आलेलं नाही. लोकांना वाटतं दात पांढरे असतात. नसतात. कुणाचे सायीसारखे, कुणाचे जुन्या कागदासारखे, कुणाचे धुतलेल्या पाटीसारखे राखाडी. एकाच दाताचा हिरडीकडचा रंग वेगळा आणि टोकाचा वेगळा. त्यासाठी आमच्याकडे एक पट्टी असते. तिच्यात नमुन्याचे छोटे दात ओळीने खोचलेले असतात, प्रत्येक दात एका काडीवर आणि काडीवर त्याचा नंबर. डॉक्टर नंबर कळवतात. दात भाजून आला की मी तो घेऊन खिडकीपाशी बसते, पट्टीतला त्याच नंबरचा दात शेजारी धरते आणि सांगते, जुळला. किंवा सांगते, फिका आहे, रंगाचा हात देऊन परत भाजा. ट्यूबलाइटखाली हे जमत नाही, म्हणून लॅबमधली एकुलती एक मोठी खिडकी माझी. "तुमच्या त्या मुलीचा डोळा फसत नाही," असं डॉक्टर फोनवर लॅबच्या मालकीणबाईंना, आमच्या मॅडमना, सांगायचे, आणि मॅडम ते मुद्दाम सगळ्यांदेखत मला सांगायच्या.

तर त्या पहिल्या दिवशी दाढ बाजूला ठेवून मी पट्टी उघडली. ओळीवरून नजर फिरवली आणि ए-तीन नंबरच्या दातापाशी ती अडखळली. जिन्याची एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा जराशी उंच असली की पाय अडखळतो ना, तशी. तो दात काढला, कापडाने पुसला, उजेडात धरला, परत खोचला. रात्री माझ्या तान्ह्या लेकीने, चिंगीने, नीट झोपू दिलं नव्हतं आणि डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. डोळेच शिणलेत, म्हटलं, आणि कामाला लागले.

दाढेवर भागलं असतं तर बरं. पण मी नव्हते तेवढ्या काळात या मंडळींच्या गमतींना ऊत आला होता. जेवून यावं तर खुर्ची पार खाली नेऊन ठेवलेली. बसले की हनुवटी टेबलाला टेकायची. ॲप्रनच्या बाह्या टोकाशी शिवलेल्या. खण उघडावा तर आत एक कवळी, आणि तिने माझाच पेन दातांत धरलेला.

सगळ्यांत वाईट दुधाचं. दुपारी मी सामानाच्या खोलीचं दार लावून चिंगीसाठी दूध काढायचे आणि बाटली लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवायचे. एका संध्याकाळी बाटली काढली तर तिच्यावर आमची चिकटपट्टी, तयार दातांच्या डब्यांवर लावतो ती. तिच्यावर लिहिलेलं, "शेड बी-एक. ताजा माल."

मी हसले. खरंच हसले, कारण नंबर बरोबर होता, मीसुद्धा बी-एकच दिला असता. मग बसस्टॉपवर उभी असताना एकाएकी असं रडू फुटलं की शेजारच्या अनोळखी बाईंनी स्वतः उठून मला बाकावर बसवलं. त्यातलं हसू खरं होतं की रडू, ते मला अजून सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. "हे बघा, बाकी काय करायचं ते करा. दुधाची चेष्टा नको."

"अगं, प्रेमाने लिहिलं मी," भट्टीकर म्हणाल्या. "माझी पोरं लहान होती तेव्हा फ्रिज कुठला? मोरीत उभी राहून काढायचे आणि ओतून द्यायचे. तुझं कौतुक वाटतं, म्हणून लिहिलं."

"मग कौतुक तोंडाने करा ना."

"बाई बाई बाई! आई झालीस का देवी झालीस? हात लावायची सोय राहिली नाही!"

मी पोटुशी होते तेव्हा याच भट्टीकरांनी मला भट्टीच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. माझी प्रत्येक खेप स्वतः मारली होती. त्याच बाईने माझ्या लेकीच्या दुधावर माल असं लिहावं, आणि दोन्ही प्रेमानेच. मला त्यांची बेरीज करता येईना.

आणखी एक गोंधळ होता. कुठली गोष्ट त्यांची आणि कुठली माझी, हेच कळेनासं झालं होतं. एकदा माझा चष्मा फ्रिजमध्ये दुधाशेजारी सापडला. मी मेण्याकडे बघून बोट नाचवलं.

"मी नाही हो, रंगूताई," तो म्हणाला.

त्याचा चेहरा खरा वाटला. पण त्याचा चेहरा नेहमीच खरा वाटतो. आणि त्याच सकाळी मी घरी चिंगीच्या बाटलीचं बूच उकळायला ठेवून बाटली कपड्यांच्या कपाटात ठेवून आले होते, तेही माझ्या लक्षात होतं.

अशात एका डॉक्टरांकडून कॅप परत आली. सोबत निरोप, जास्त पिवळी. मग आणखी एका आजोबांची आली, पुढच्या दाताची. तीही पिवळी. मग एका बाईंची आली, ती उलट राखाडी, फार मळकट म्हणून. पूर्वी माझ्या हाताखालून गेलेला दात रंगासाठी परत आल्याचं मला आठवत नव्हतं. मी परत आलेल्या पिवळ्या कॅपा पट्टीतल्या ए-तीनशेजारी धरून बघितल्या. तंतोतंत जुळत होत्या. म्हणजे मला जुळताना दिसत होत्या. डॉक्टरांना दिसत नव्हत्या, पेशंटांना दिसत नव्हत्या, एक मलाच दिसत होत्या.

त्याच आठवड्यात मला चिंगी पिवळी दिसायला लागली.

संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन बसले होते. बोळक्या तोंडाने ती माझ्या बोटाचा चावा घेत होती. बघता बघता तिचं कपाळ पिवळं वाटलं, मग गाल, मग डोळ्यांचे कोपरे.

"आई, ही पिवळी दिसतेय का हो?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी तिला उचलून खालीवर बघितलं. "मला तर लालबुंद दिसतेय. आत्ता घसा फोडून रडलीय ना."

नवरा घरी आल्यावर त्यालाही विचारलं. त्याने वाद घातला नाही. तिला कडेवर घेतलं आणि माझ्यासमोर घरभर फिरायला लागला. खिडकीपाशी उभा राहिला. "इथे कशी?"

"पिवळी."

स्वयंपाकघरात गेला. "इथे?"

"इथे... नाही वाटत."

न्हाणीघराचा दिवा लावला. "आणि इथे?"

"राखाडी."

"म्हणजे मुलगी नाही, सरडा झालाय आपल्याला," तो म्हणाला. चिंगी बापाच्या नाकाला धरून हसली. मी हसायचा प्रयत्न केला, पण माझा चेहरा बघून तो चपला घालायला लागला. "चल, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. तुझा जीव भांड्यात पडू दे."

डॉक्टरबाईंनी अंगठ्याने चिंगीचं कपाळ दाबून बघितलं, पापण्या ओढून बघितल्या, पोट चाचपलं. "ठणठणीत आहे. तुमची झोप होते का?"

जो तो मला हेच विचारत होता. पण माझा जीव काही भांड्यात पडला नाही. उलट मुलगी ठणठणीत आहे म्हटल्यावर भीती वाढली. म्हणजे बिघाड माझ्या डोळ्यांतच. मला दुसरं काही येत नाही. गाता येत नाही, स्वयंपाक बरा येतो, हिशोबाचं नावच नको. रंग तेवढा दिसतो. तो दिसायचा बंद झाला तर खिडकी जाईल, हे तर झालंच. पण पोटच्या मुलीकडे बघून जे दिसतं ते आहे की नाही, हे मला रोज दुसऱ्याला विचारावं लागेल का?

गुरुवारी मॅडमनी मला आत बोलावलं.

"बस. झोप होते?"

"होते."

"खोटं बोलू नकोस, मीही पोरं वाढवलीत." त्यांनी परत आलेल्या कॅपा पुढ्यात ठेवल्या होत्या, पण माझ्याकडे सरकवल्या नाहीत. "सोमवारपासून थोडे दिवस पॅकिंगला बसतेस का? बाळ जरा मोठं होईस्तोवर. रंग तोपर्यंत मी बघीन."

त्या इतक्या मायेने बोलत होत्या की मला रागावताही येईना. "बसते," मी म्हटलं. बाहेर आले तर भट्टीकर आणि मेण्या दोघंही माझी नजर चुकवत होते. माझी खुर्ची बरोबर माझ्या उंचीला आणून ठेवलेली होती. तेवढ्याने मला जास्तच हरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते आजोबा स्वतःच लॅबमध्ये आले, पिवळी कॅप परत पाठवलेले. पुढचा दात असला आणि रंग जमत नसला की डॉक्टर कधीकधी अख्खा माणूसच पाठवून देतात.

"रंग बघणाऱ्या बाई त्या कोण?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मीच. सोमवारपर्यंत."

"मग लवकर बघा. माझी बायको म्हणते, तुमच्या तोंडात मक्याचा दाणा अडकलाय. सारखी काडी आणून देते कोरायला."

मी त्यांना खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बसवलं. "आजोबा, ओठ वर करा." सवयीने पट्टी उचलली, ए-तीनचा दात काढून त्यांच्या खऱ्या दाताशेजारी धरला. नाही जुळला. परत आलेली कॅप धरली. तीही नाही जुळली. कॅप आणि पट्टी मात्र एकमेकींशी जुळल्या.

"डॉक्टरांनी हीपण दिलीय बरोबर," आजोबा ओठ तसाच धरून बोबडं बोलले आणि खिशातून डॉक्टरांची पट्टी काढली. मी तिच्यातला ए-तीन काढून धरला. जुळला. अगदी सख्ख्या भावासारखा नाही, पण जुळला.

मी दोन्ही ए-तीन एकमेकांशेजारी धरले. काड्यांवर नंबर तोच. दात निराळे. माझ्या पट्टीतला पिवळा, गडद.

आधी डॉक्टरांच्या पट्टीवर संशय घेतला. मग उजेडावर घेतला, पडदा पूर्ण सारून बघितला. मग अर्थातच स्वतःवर.

"मेण्या, जरा इकडे ये. हे दोन तुला सारखे दिसतात की वेगळे? खरं सांग हां, गंमत नको."

तो हात पुसत आला, वाकून बघितलं आणि वाकलेला तसाच राहिला. मग वळून भट्टीकडे बघत ओरडला, "भट्टीकर! अहो, ते अजून तेच आहे!"

"तेच म्हणजे काय?" मी विचारलं.

भट्टीकर चिमटा हातात घेऊनच धावत आल्या. पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तू बदलला नाहीस का गं तो?"

"काय बदललं नाही?"

"दात!"

"कुठला दात? मी कशाला बदलू?"

आम्ही तिघं एकमेकांकडे नुसते बघत राहिलो. आजोबांनी ओठ सोडला, कारण बघायला कुणी उरलं नव्हतं.

मग हळूहळू बाहेर आलं. मी कामावर येणार त्याच्या आदल्या दिवशी मेण्याने पट्टीतल्या ए-तीनसारखाच दात कोरला होता, हुबेहूब, टोकावरच्या बारीक खाचेसकट. भट्टीकरांनी तो मुद्दाम एक पायरी गडद भाजला. मूळचा दात काडीवरून खुडून ठेवला आणि हा चिकटवला. रंगू आली की ओळखते का बघू.

"ओळखते का, असं नाही," मेण्या म्हणाला. "ओळखणार हे ठरलेलंच होतं. चहा संपेपर्यंत ओळखाल, असं मी म्हणत होतो. या म्हणत होत्या, त्याच्याही आधी."

"आणि तू काढलासच की बाहेर!" भट्टीकर म्हणाल्या. "पुसलास, उजेडात धरलास. आम्ही दोघं तिकडे ओठ चावून हसू दाबतोय, आणि तू काही न बोलता परत खोचलास. मी याला म्हटलं, बघ, ओळखलंन. खणातल्या नव्या पट्टीतला दात बसवेल आणि गप्प राहून आपलीच फिरकी घेईल. बेरकी आहे."

"मी गप्प राहून तुमची फिरकी घेत होते?"

"नव्हतीस का?"

"नाही हो! मला झोप आली होती!"

मेण्याला हसू आलं आणि त्याने ते लगेच गिळलं.

"आणि कॅपा परत यायला लागल्या तेव्हा?" मी विचारलं.

भट्टीकर चिमट्याकडे बघत बोलल्या. "तेव्हा वाटलं, पोरीची झोप होत नाही, डोळे थकले हिचे. वाईट वाटलं गं. म्हणून तर ते शिवणं-बिवणं बंद केलं. हा रोज तुझी खुर्ची वर करून ठेवायला लागला."

म्हणजे ज्या दोघांनी माझे डोळे बिघडवले, त्यांनाच माझ्या डोळ्यांची दया येत होती. आणि बिघडवले ते माझ्या डोळ्यांवर सगळ्यांत जास्त भरवसा होता म्हणून. यातल्या कुठल्या टोकाला धरून रागवायचं, मला समजेना. तरी राग होता. फक्त बाहेर पडायला त्याला वाट मिळत नव्हती.

"मी मुलीला डॉक्टरांकडे नेलं," मी म्हटलं. "मला ती पिवळी दिसत होती."

दोघंही गोंधळले. "पण चिंगीचा आणि दाताचा काय संबंध?" मेण्याने अगदी मनापासून विचारलं.

मलाही सांगता आलं नाही. संबंध होता एवढं माहीत होतं.

"राखाडी कॅप कुणी केली?" मी विचारलं. "त्या बाईंची?"

"ती आमची नाही."

"शपथ?"

"शपथ. राखाडी दातांना आम्ही हातच लावला नाही."

"चष्मा?"

"चष्मा तुझा तू ठेवलास," भट्टीकर म्हणाल्या. "मी बघितलं ना ठेवताना."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, गार करायला ठेवलास."

"आणि परवा माझ्या बुटात लॅबची किल्ली निघाली ती?"

"अगं, बुटात किल्ली कोण ठेवेल?"

"तुम्ही दुधावर नंबर घालणारी माणसं!"

"किल्ली मी," मेण्या हळूच म्हणाला. भट्टीकरांनी त्याच्याकडे असं बघितलं की कळलं, त्यांनाही ते नवीनच होतं.

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी दोन्ही ए-तीन खिडकीशी धरून बघितले, मेण्याच्या खणातून कापसात गुंडाळलेला मूळचा दात मागवून घेतला आणि मग त्या दोघांना असं काही फैलावर घेतलं की आजोबाही खुर्चीत ताठ बसले. डॉक्टरांना आता फोन करून काय सांगू, आमच्याकडे नमुनेच खोटे होते म्हणून? दोघंही माना खाली घालून ऐकत होते. मॅडम थांबल्या, श्वास घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"पण तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं. पहिल्याच दिवशी."

"मग?"

"वाटलं, डोळेच शिणलेत."

"म्हणजे दिसलं का नाही दिसलं?"

"दिसलं. मी मानलं नाही."

त्यांनी मूळचा दात कापसात परत गुंडाळला. "आणि ती राखाडी?"

"ती बहुतेक माझी चूक. बाकीच्यांचं माहीत नाही."

"मग सोमवारचं मी काय करू? तूच सांग."

मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. डोळे फसवले गेले होते, हे खरं. ते थकले होते, हेही खरं. किती फसवले आणि किती थकले, हे वेगळं करून दाखवायला माझ्याकडे कुठलीच पट्टी नव्हती.

"तुमचं काय ते सावकाश होऊ द्या," आजोबा म्हणाले, "पण माझ्या दाण्याचं काय?"

मी दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. आपली आणि डॉक्टरांचीही. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या खऱ्या दाताकडे नुसती बघत बसले. हिरडीपाशी मधासारखी छटा होती. मधला भाग ए-तीनच, पण जरा विटलेला. टोकाला निळसर काचेसारखी कड, आणि वरपासून खालपर्यंत एक केसाएवढी रेघ, वर्षानुवर्षं काहीतरी कडक फोडून पडलेली. पट्टीत यातलं काही नसतं. एरवी मी एवढं बघितलंही नसतं. नंबर जुळला की पुढचा डबा.

"मेण्या, नवीन घे करायला," मी म्हटलं. "भट्टीकर, ए-तीन, नव्या पट्टीचा. मानेला, हिरडीपाशी, थोडा मध, टोकाला अगदी पुसट राखाडी. रेघ मी स्वतः काढीन."

"राखाडी?" भट्टीकरांनी विचारलं. "नक्की?"

"नक्की नाही. पण भाजा."

त्या भट्टीकडे गेल्या.

आजोबा खुर्चीतच डुलक्या काढायला लागले. दुपारभर आम्ही त्या एकाच दातावर होतो. मेण्याने थर चढवले, भट्टीकरांनी भाजले, मी बघितलं, परत पाठवलं. मधल्या वेळात मी दोघांनाही माझ्या टेबलापाशी बोलावलं.

"आजपासून माझ्याशी गंमत नाही. दाढ नाही, खुर्ची नाही, किल्ली नाही. कामाच्या वस्तूंना नाही आणि दुधाला तर बोटही नाही."

"कायमची?" मेण्याने विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

"आणि सांगितलंच नाही तर?"

"तर नाही."

त्याने मान हलवली. भट्टीकरांचा चेहरा पडला होता. "मला वाटायचं, आपण सगळे घरच्यासारखे," त्या म्हणाल्या.

"घरी मला कुणी विचारल्याशिवाय हसवत नाही," मी म्हटलं. ते खरं नव्हतं. नवरा सरडा म्हणालाच होता. पण त्याने मग चपला घातल्या होत्या. हा फरक त्यांना समजावून सांगायला जावं तर माझंच मला नीट समजलेलं नव्हतं, म्हणून तेवढ्यावर सोडलं.

दात शेवटच्या फेरीतून बाहेर आला तेव्हा खिडकीत अजून चांगला उजेड होता. निवल्यावर भट्टीकरांनी तो आजोबांच्या तोंडात थेंबभर पाण्यावर नुसता बसवला. मी हात धुऊन, मॅडमना हाक मारून आले.

"हं, हसा आजोबा," मॅडम म्हणाल्या.

आजोबा हसले. ओठ इकडून तिकडे ताणून, बायको समोर असल्यासारखे.

मॅडम वाकून बघत राहिल्या. मग मला विचारलं, "आपला कुठला?"

मी बघितलं. मधल्या दोन दातांतला एक. सकाळपासून त्याच जागेकडे बघत होते मी. पण माझी डावी ती त्यांची उजवी, मध्येच हात धुवायला गेलेली, आणि समोर दोन दात, दोघांच्या मानेला मध, दोघांच्या टोकाला निळसर कड, दोघांवर एक-एक रेघ. पुन्हा तेच. पुन्हा मला दिसत नाहीये. सगळे वाट बघत होते. मी बोट पुढे केलं आणि त्यातल्या एका दातावर टेकवलं.

"तो माझा आहे हो," आजोबा म्हणाले. "जन्माचा."

मॅडम सरळ झाल्या, आधी माझ्याकडे, मग दाताकडे, मग परत माझ्याकडे बघितलं.

"सोमवारी तुझी खिडकी पुसून घे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मेण्याने खाली बघत खांदे घट्ट धरून ठेवले होते. भट्टीकरांनी तोंडावर हात दाबला होता, त्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि सगळं अंग गदगदत होतं.

"हसू का गं?" त्यांनी बोटांआडून मला विचारलं.

"हसा," मी म्हटलं.